वाचकांच्या गठ्ठ्याचं रबर

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्काराची ओळ तू कापतेसच, म्हणून लिहिलीच नाही. चार वर्षांत एक पत्र नाही आणि आज ही कुठून उगवली, असं तुला वाटेल. पत्ता वर कोपऱ्यात आहे. पाठ करू नकोस, माझं काही खरं नसतं.

सध्या एका दुरुस्तीच्या दुकानात आहे. रेडिओ, टेप, टेबल-पंखे. त्याआधी बोटींना रंग दिला, त्याआधी एका हॉटेलात चादरी धुतल्या, आणि मधले तीन महिने एका बाईंचे बारा कुत्रे फिरवले. त्यातला एक फक्त डावीकडे वळायचा. खरंच सांगते. त्याला उजवीकडच्या गल्लीत न्यायचं तर तीनदा डावीकडे वळून, अख्खा चौक फिरून यावं लागायचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, भिंगरे, हा तुझाच भाऊ.

दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. ते कधी शाळेत शिकवत नव्हते, फक्त ओरडतात तसं. मला वरची खोली दिली आहे. खिडकीतून एका वाचनालयाची मागची बाजू दिसते, तिथे दुपारी दोन शिपाई बुद्धिबळ खेळतात आणि एक नेहमी हरतो.

बाबांचं पत्र आलं. मासिकात तुला परत बोलावलंय म्हणे. ज्याला सगळे चष्मा म्हणायचे, तो स्वतः घरी आला होता. बाबा लिहितात, 'त्याने तीन कप चहा घेतला आणि तिने तीनदा नाही म्हटलं.' मला तर आधी खरंच वाटेना. चष्मा, जो तुझ्या हाताखाली दहा वर्षं सिनेमाच्या जाहिराती चिकटवायचा, तो आता म्हणतो, बाईंशिवाय हे मासिक म्हणजे नुसता केशरचनांचा अल्बम झालाय. मार्चअखेरपर्यंत तुझी वाट बघणार, नाहीतर मालक ते एका कॅलेंडरवाल्याला देणार.

आत्या, नाही म्हणू नकोस. एवढंच सांगायचं होतं.

तुझी
भिंगरी

ता. क. वाचकांच्या पत्रांचे गठ्ठे अजून त्या लाल रबरांनीच बांधतात का? सहज विचारलं.


१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं उत्तर मिळालं. पाच ओळी, त्यातली एक माझ्या अक्षराबद्दल. हिरवी शाई बघून इतकं बरं वाटलं की मी ते मास्तरांनाही दाखवलं. ते म्हणाले, "ही बाई पत्र लिहिते की तार पाठवते?"

तू लिहितेस, 'मुद्दा काय आहे? असेल तर वर घे.' आणि पुढे, 'गाणं चुकीचं ऐकणाऱ्या कानाने गाण्याचं मासिक चालवू नये. हे सहा वर्षांपूर्वी ठरलं आहे. मी औषधांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्यांची प्रूफं वाचते. त्यांना सूर नसतो. बरं चाललं आहे.'

बरं चाललं आहे! बाबा सांगतात, तुझ्या घरात सहा वर्षांत गाणं वाजलेलं नाही. टेपवर टेबलक्लॉथ घातलाय आणि त्यावर कुंडी ठेवली आहेस. शेजारच्या घरात रेडिओ लागला की उठून खिडकी लावतेस.

मी या दुकानात रोज दहा जणांना तुझी गोष्ट सांगते. लोक मशीन घेऊन बसलेले असतात, त्यांना जाता येत नाही. सांगते की माझी आत्या एकोणिसाव्या वर्षी छापखान्यात टाइप करायला लागली. सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या छापायचे तिथे. एकदा तिने एक ओळ परत पाठवली, म्हणाली, यात एक शब्द गळलाय, चालीत बसत नाही. गाणं तिने दोनदाच ऐकलं होतं. खिळे जुळवणारे म्हणाले, ही पोरगी कानाने प्रूफं वाचते. तेव्हापासून 'बाईंचा कान'. एकतिसाव्या वर्षी संपादक. आल्या आल्या लोकांना वाटलं, आता ही नट्यांचे फोटो बंद करणार. तू केले नाहीस. "लोकांना केसही आवडतात," म्हणालीस, आणि त्या केसांच्या बरोबर मधे चार पानं ऐकण्याची घातलीस. बावीस वर्षं.

आणि मंगळवार! तो तर मी अभिनय करून सांगते. बटणांच्या दुकानावरचं आपलं ऑफिस, दुपारी बारा वाजता तुझ्या खोलीचं दार बंद. फोनचा रिसीव्हर खाली. नव्या कॅसेटला तपकिरी कागद गुंडाळलेला, म्हणजे नाव, फोटो, काही दिसायला नको. एकदाच ऐकायचं, परत मागे फिरवायचं नाही, आणि उठायच्या आत लिहायचं. पहिल्या ओळीत गाणाऱ्याची पट्टी, पेटीवरची काळी एक की पांढरी दोन. "पट्टी म्हणजे गळ्याचा पत्ता," तू म्हणायचीस. "पत्ता चुकला तर पुढचं पत्र कुणाला?"

दुसरा नियम मी सांगत नाही. चूक ज्या पानावर, दुरुस्तीही त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टाइपात, आणि खाली चूक करणाऱ्याचं नाव.

मुद्दा आहे, आत्या. पण मास्तर खालून हाका मारतायत.

भिंगरी


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मास्तर त्या दिवशी हाका मारत नव्हते. ते जेवायला गेले होते.

काल एक आजोबा टेप घेऊन आले. म्हणाले, "नातीचा आवाज आहे यात, पाच वर्षांची होती तेव्हाचा. पण आता ऐकलं तर एखादा जाडा माणूस बोलतोय असं वाटतं." लावून बघितलं. खरंच, एक जाडा माणूस कविता म्हणत होता आणि मधेच 'आजोबा, शू' म्हणत होता. मास्तर हसून हसून खाली बसले. मग म्हणाले, "काही नाही हो, बेल्ट सैल झालाय. मशीन हळू फिरलं की आवाज खाली उतरतो आणि म्हातारा होतो." बेल्ट बदलला. नात परत पाच वर्षांची झाली. आजोबांनी डोळे पुसले. मी मागच्या पायरीवर जाऊन बसले.

आता सांगते. कुठूनही सुरू केलं तरी तिथेच यायचंय.

तो सोमवार होता. तुझं ऐकायचं मशीन कुईंकुईं करत होतं. तू म्हणालीस, कुणाला तरी दाखव. मी म्हटलं, कुणाला कशाला, मीच बघते. एकोणीस वर्षांची होते, मासिकात तुझ्या हाताखाली नवी, स्क्रूड्रायव्हर हातात आला की सगळं येतं असं वाटायचं. आत एक काळा बेल्ट होता, बांगडीएवढा. मी तो ताणून बघितला. परत ताणून बघितला. तुटला.

लगेच बाजारात जाऊन नवा आणायचा, एवढंच काम होतं. निघाले, तर समोरच्या इमारतीत दोरखंडाने पियानो वर चढवत होते. तिसऱ्या मजल्याची खिडकी चौकटीसकट काढली होती. चार माणसं वर, सहा खाली, आणि एक म्हातारी खालून ओरडत होती, "अरे, पाय आधी! त्याचे पाय आधी घ्या!" पियानो हवेत एकदा गोल फिरला आणि त्यातून एक सूर आपोआप वाजला. आत गेला तेव्हा अख्ख्या रस्त्याने टाळ्या वाजवल्या. मीही. तोवर दुकान बंद झालं होतं.

मंगळवारी सकाळी मी वाचकांच्या पत्रांचा एक गठ्ठा सोडला, त्याचं लाल रबर काढलं, दुहेरी केलं आणि बेल्टच्या जागी चढवलं. फिरायला लागलं. कुईंकुईं गेलं. तू आत आलीस, ऐकलंस आणि म्हणालीस, "शाबास, भिंगरे." तुझ्याकडून मिळालेली ती एकच शाबासकी. बारा वाजता दार बंद झालं.

बुधवारी रबर तुटलं. मी खरा बेल्ट आणून बसवला आणि विसरले. इथपर्यंत मला काही कळलेलं नव्हतं, शपथ.

त्या मंगळवारी तू ऐकलीस ती निळ्या कव्हरची मुलगी. बावीस वर्षांची, पहिलीच कॅसेट. तू लिहिलंस, 'काळी चारमध्ये गाणारा जड, वयाआधी थकलेला आवाज. लांब सुराच्या टोकाला कंप आहे. या गळ्याने थांबावं, विश्रांती घ्यावी.' पुढच्या महिन्यात सतरा वाचकांची पत्रं आली. अठरावं तिच्या साथीदाराचं: 'बाई, ती काळी पाचमध्ये गाते. एक पायरी वर. मी शेजारी बसून वाजवलंय.'

तू कॅसेट परत लावलीस. मी टेबलापाशी फोटो चिकटवत होते. पहिल्या ओळीपासून काळी पाच. कुठे जड नाही, थकवा नाही, कंप नाही. तू दोन्ही बाजू ऐकल्यास. मग बटण बंद केलंस आणि म्हणालीस, "माझा कान गेला." दूध संपलं म्हणावं तसं.

मला त्याच क्षणी कळलं. त्या कंपावरून. रबर फिरताना मधेच अडखळायचं, मी बघितलं होतं. तुझा कान गेला नव्हता, मशीन हळू चालत होतं. मी तोंड उघडलं. तू म्हणालीस, "भिंगरे, खिडकी लाव, वारा येतोय." आणि मी खिडकी लावली.

पुढच्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात, 'चूक माझ्या कानाची', खाली तुझं नाव. दोन महिन्यांनी तू खुर्ची सोडलीस. वर्षभराने मी गाव सोडलं, आणि आणखी एका वर्षाने तुला पत्रं लिहिणंही.

तू रागावशील म्हणून गप्प राहिले, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही, तू रागावत नाहीस. ती शाबासकी परत द्यावी लागली असती, म्हणून गप्प राहिले. एवढ्यासाठी. लिहिल्यावर किती लहान दिसतंय.

भिंगरी


३ मार्च

आत्या,

पाकीट जाड होतं. मला वाटलं, तू पहिल्यांदाच लांब पत्र लिहिलंस. उघडलं तर माझंच.

आजोबा कापलेत. मास्तर कापलेत. पियानोभोवती हिरवा कंस आणि समासात 'चांगलं आहे, इथे नको.' एकोणीस वर्षांचा स्क्रूड्रायव्हर कापलाय. साथीदाराचं वाक्य तसंच ठेवलंस. 'एवढ्यासाठी. लिहिल्यावर किती लहान दिसतंय' यावर काट आणि शेजारी 'वाचकाला ठरवू दे.' आणि तिसऱ्या पानावरच्या 'तुझा कान गेला नव्हता, मशीन हळू चालत होतं' या ओळीला चौकट. त्या चौकटीतून बाण निघतो, पानं ओलांडत पहिल्या पानाच्या डोक्यावर जातो. तिथे लिहिलंस, 'ही पहिली ओळ. सहा वर्षं उशिरा.'

'खिडकी लाव' पाशी शाईचा एक ठिपका मोठा झालाय. पेन बराच वेळ एकाच जागी टेकून राहिलं की होतो तसा.

शेवटी तू लिहितेस, 'चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर. माझं पान झालं. तिचं राहिलं. जाऊन तोंडावर सांग. टपालाने नाही.'

जाते. साथीदाराचा पत्ता चष्म्याकडून मागवलाय, तो सांगेल ती कुठे असते.

पण त्याखालची ओळ मला आवडली नाही. 'तू म्हणतेस मशीन. असेल. पण सहा वर्षं न वापरलेला कान आहे की गेला, हे कुणी सांगावं? चष्म्याला माझं नाहीच आहे.' आत्या, बेल्ट कपाटात सहा वर्षं पडला तर कडक होतो. कान म्हणजे बेल्ट आहे का? मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "मला कानातलं काही कळत नाही, बायको तेच म्हणते."

भिंगरी


१४ मार्च

आत्या,

ती भेटली, रागावली, आणि तुझ्यासाठी एक कॅसेट दिली आहे. सोबत पाठवते.

बघ, वर घेतलं. आता बाकीचं सांगू दे.

ती एका मोठ्या बसस्थानकावर घोषणा करते. काचेची खोली, एक माइक, एक वेळापत्रक, भिंतीला टांगलेली छत्री. मी सहा तास बसमधून तिलाच शोधत आले आणि उतरले तर डोक्यावर तिचाच आवाज, सांगत होता की पाच नंबरच्या फलाटावर एक तपकिरी पिशवी सापडली आहे.

काचेवर टकटक केलं. तिने खिडकी सरकवली. "चौकशी पलीकडे."

"चौकशी नाही. मी... ते रबर."

"कसलं रबर?"

मी सांगितलं. पाठ करून गेले होते, तुझी पहिली ओळ पहिल्यांदा. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आत ये." मला वाटलं, बसायला सांगेल. दार लावून म्हणाली, "सहा वर्षं? तोंड नव्हतं तुला?"

"होतं."

"मग?" आणि तेवढ्यात तिने माइक चालू केला, मधाळ आवाजात म्हणाली, "फलाट क्रमांक तीनवरची गाडी दहा मिनिटं उशिरा सुटेल, प्रवाशांनी सहकार्य करावं," बंद केला आणि परत माझ्याकडे वळून, "अगं, मी गाणं सोडलं! कळतंय का तुला? घरात सांगितलं, घसा बसलाय. एवढ्या मोठ्या बाईंना जे ऐकू आलं ते असणारच. आपल्याला आपला आवाज कुठे कळतो?"

"त्यांनी दुरुस्ती छापली होती."

"वाचली. मला वाटलं, दयेने छापली. पोरगी रडत असेल, म्हणून स्वतःचा कान पुढे केला." तिने पर्समधून एक पाकीट काढलं. आत तुझं पान होतं, घड्यांवर फाटायला आलेलं. दुरुस्तीचं नाही, पहिलं. ती ते तशीच बघत बसली. म्हणजे तुम्ही दोघी सहा वर्षं एकाच रबराच्या दोन टोकांना होतात. एकीला वाटत होतं गळा गेला, एकीला कान.

मी म्हटलं, ओरडा अजून. ती म्हणाली, "साडेचारची गाडी सोडू दे, मग ओरडते." पण नंतर ओरडली नाही. पाणी दिलं. विचारलं, "आणि त्यांचा कान? तो तरी शाबूत आहे ना?"

"तेच कुणाला माहीत नाही. त्या स्वतः ऐकायला तयार नाहीत. एकतीस तारखेपर्यंत मुदत आहे."

बराच वेळ ती वेळापत्रकावर पेन्सिलीने रेघा मारत होती. मग म्हणाली, "टेप आणलायस?"

आणला होता. मास्तरांनी आग्रहाने दिला होता. त्यांच्याकडे मशीनचा वेग तपासायची एक कॅसेट असते, त्या कॅसेटने मी तो निघण्याआधी तीनदा तपासला आणि तिथे पोचल्यावर चौथ्यांदा. तिची पाळी संपल्यावर दुसरी बाई येईपर्यंत पंधरा मिनिटं मिळतात. तिने काच लावली, डोळे मिटले आणि चार ओळी गायली. साथ नाही, काही नाही. मधे एका गाडीचा हॉर्न आलाय, तो तू सोडून दे.

झाल्यावर तिने खिडकीची काच सरकवली. मग तिने मला पट्टी सांगितली आणि बजावलं, "लिहायची नाही. बाईंनाच सांगू दे. आणि नियमाने. एकदाच ऐकायचं."

म्हणून लिहीत नाही. आत्या, कुंडी उचल. टेबलक्लॉथ काढ. तुझ्या टेपचा बेल्ट कडक झाला असेल, म्हणून नवा पाठवते आहे, बाबांकडून बसवून घे. खरा बेल्ट आहे. सोबत मास्तरांची तपासायची कॅसेट. मास्तर म्हणाले, "ही परत आली नाही तर तूही येऊ नकोस."

हे पार्सल मी आत्तापर्यंत दोनदा उघडून परत बांधलंय. पट्टी माहीत आहे, म्हणून.

भिंगरी


२७ मार्च

आत्या,

बरोबर. काळी चार.

तुझं कार्ड आलं तेव्हा मी एका पंख्याच्या आत डोकं घातलं होतं. हिरवी शाई दिसली आणि पंखा तसाच सोडला, अजून तो तसाच पडलाय. 'काळी चार. पूर्वी काळी पाच होती. गळा चांगला आहे, मेहनत सुटली आहे, म्हणून खाली बसला आहे. तिसऱ्या ओळीत श्वास चुकीच्या जागी घेते. मशीन दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा तपासलं नाही.'

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं, सांगत नाही.

ती म्हणाली होती, "आता काळी पाच झेपत नाही गं, सहा वर्षांत एक पायरी खाली आले." ज्या पट्टीवरून तू खुर्ची सोडलीस, तीच तुला परत ऐकू येणार होती. मी तुझ्या जागी असते तर घाबरून काळी पाच लिहून मोकळी झाले असते. तुझ्या कार्डावर एकही खाडाखोड नाही. मी उजेडात धरून बघितलं.

बसस्थानकावर फोन केला. तिने दोन गाड्यांच्या मधे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "श्वास कुठे चुकला म्हणाल्या?" मी परत वाचून दाखवलं. "बाईंना सांग, सहा महिन्यांत पाचवर येते. आणि त्यांनी तेव्हाही तपकिरी कागद गुंडाळूनच ऐकायचं." मग मागून कुणीतरी तिला हरवलेल्या छत्रीबद्दल विचारलं आणि फोन ठेवला गेला.

तू मला काही लिहिलं नाहीस. शाबास नाही, माफी नाही, ये म्हणूनही नाही. फक्त 'ओळी सरळ लिही.' बघ, आज रेघांच्या कागदावर लिहिलंय.

एक गोष्ट राहिली. तुझ्या कार्डांच्या कोपऱ्यात घरचा पत्ता छापलेला असतो. या कार्डावर तो हिरव्या रेघेने कापलाय, आणि खाली हाताने दुसरा लिहिलाय. बटणांच्या दुकानावर, तिसरा मजला. कापताना तू एक शब्दही जास्त लिहिला नाहीस, पण मी तो जिना चढले आहे, सत्तावन्न पायऱ्या, मला कळलं.

म्हणून हे पत्र त्याच पत्त्यावर टाकते. वाचकांच्या गठ्ठ्यात गेलं तर जाऊ दे. लाल रबर लागलं तरी चालेल. फक्त तो गठ्ठा मशीनपासून लांब ठेव.

भिंगरी